अळणीतली वडी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ज्या घरात कोंबडी शिजते, तिथे बहुधा एका पातेल्यात दोन स्वयंपाक होतात आणि त्यातल्या एकाची कोणी गणती करत नाही. हळद, मीठ आणि आले-लसणाचे वाटण लावून कोंबडी आधी नुसती शिजवून घेतात. कांदा-लसूण मसाला अजून बरणीतच असतो. त्याच वेळी पातेल्यातून चार तुकडे आणि वाटीभर पाणी बाजूला निघते. ते घरातल्या लहानग्यांचे, आजाऱ्याचे, बाळंतिणीचे. त्याला अळणी म्हणतात. शब्दाचा अर्थ बिनमिठाचे असा होतो, पण या अळणीत मीठ असते. नसते ते तिखट. तिखट नाही म्हणजे जणू मीठच नाही, अशी समजूत असलेल्या मुलखाने हा शब्द असा वापरात आणला. १९४९ पर्यंत यातला बराचसा भाग एकाच सातारा जिल्ह्यात होता. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या तरी पातेले बदलले नाही. वाईपासून जतपर्यंत, ज्या घरात मांस चालते त्या घरात मुलाचा पहिला मांसाहार अळणीनेच सुरू होतो.

आता त्याच घरातले मूल चिकन नगेट मागते. साताऱ्यात पोवई नाक्याच्या परिसरात किंवा सांगलीत विश्रामबागेत कुठल्याही बऱ्या दुकानातल्या गोठवणपेटीत त्याची पाकिटे मिळतात. पाकीट आणावे तर आईच्या मनात शंका येते आणि घरी करावे तर मूल एक घास खाऊन ताट सरकवते. ‘हे तसं नाही’ असे ते म्हणते आणि त्याचे म्हणणे बरोबर असते. या दोन गोष्टींच्या मध्ये अडकलेल्या घरांसाठी मला एकच मुद्दा मांडायचा आहे. नगेट हा आपल्याला परका पदार्थ नाही. चवीने ते अळणी आहे आणि घडणीने वडी. या दोन्ही गोष्टी या भागातल्या स्वयंपाकघराला पिढ्यान्‌पिढ्या येतात. घरचे नगेट पाकिटासारखे लागत नाही म्हणून फसत नाही. ते दर वेळी वेगळे लागते म्हणून फसते. हे एकदा ध्यानात आले की काय करायचे आणि काय टाळायचे हे आपोआप ठरत जाते.

आधी नगेट आले कुठून ते पाहू, कारण त्याच्या जन्मकथेतच त्याची कृती दडलेली आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट बेकर नावाचे कुक्कुटशास्त्राचे प्राध्यापक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या कोंबडी उत्पादकांपुढे माल खपवण्याचा प्रश्न उभा राहिला. त्या काळी कोंबडी अख्खी विकली जाई. ती कापणे, शिजवणे हे वेळखाऊ काम असे आणि लहान कुटुंबाला एक कोंबडी जास्तच होई. बेकर यांच्या प्रयोगशाळेचे काम शेतकऱ्याच्या मालाला नवी रूपे शोधण्याचे होते. १९६३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या मांसाच्या वेष्टण दिलेल्या कांड्या तयार केल्या. त्यांच्यासमोर दोन अडचणी होत्या. कातडीची मदत न घेता वाटलेले मांस एकसंध कसे राहील, ही पहिली. गोठवताना आकसणाऱ्या आणि तळताना फुगणाऱ्या मांसावरचे वेष्टण सुटणार कसे नाही, ही दुसरी. कच्च्या मांसात मीठ आणि व्हिनेगर घालून ते वाटायचे, म्हणजे त्यातला चिकटपणा बाहेर येतो; बांधणीला दुधाची पावडर आणि धान्य घालायचे; आकार देऊन गोठवायचे, मग अंड्याचे मिश्रण आणि चुरा लावून पुन्हा गोठवायचे, असे उत्तर त्यांनी शोधले. त्याचे पेटंट त्यांनी घेतले नाही. विद्यापीठाच्या पत्रिकेतून ती पद्धत छापून शेकडो उत्पादकांना मोफत पाठवली. मॅकडोनाल्ड्सने आपली नगेट्स अमेरिकाभर विकायला सुरुवात केली ती १९८३ साली, म्हणजे वीस वर्षांनंतर. ज्याला आपण कंपनीचा पदार्थ समजतो तो मुळात एका विद्यापीठाने शेतकऱ्यासाठी केलेला आणि सर्वांना खुला ठेवलेला पदार्थ आहे. त्यावर आपलाही तेवढाच हक्क आहे.

भारतात हे ज्ञान पोचले ते पशुवैद्यक शिक्षणातून. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत मांसावर प्रक्रिया करण्याचे शास्त्र हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो. उत्तरेत इज्जतनगरची केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. या वर्तुळात चिकन नगेटवर पुष्कळ प्रयोग झाले आहेत आणि त्यातली एक गोष्ट घरगुती स्वयंपाकाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. भारतीय संशोधनात ज्याला नगेट म्हणतात ते अनेकदा तळणीत जन्मत नाही. मांस बारीक वाटून, मळून, साच्यात दाबून आधी वाफवतात, थंड झालेल्या लादीचे चौकोनी तुकडे पाडतात आणि हवे असेल तर मग वेष्टण देतात. कोथिंबीर वडी करणारी कोणतीही बाई हे वाक्य वाचून थांबेल. मिश्रण मळायचे, थापायचे, वाफवायचे, गार झाल्यावर वड्या पाडायच्या आणि शेवटी तळायच्या, हा तर तिचाच क्रम आहे. प्रयोगशाळा आणि मोदकपात्र एकाच ठिकाणी येऊन पोचले, कारण दोघांपुढचा प्रश्न एकच होता: मऊ मिश्रण एकसारख्या तुकड्यांत कसे आणायचे.

‘एकसारख्या’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. मुलाला नगेटमध्ये काय आवडते, याचे नेहमीचे उत्तर ‘तळलेले आणि खारट’ असे असते. ते अर्धवट आहे. तळलेला कोंबडीचा तुकडा, लॉलीपॉप, पापलेटची तुकडी हेही तळलेले आणि खारटच असते, तरी अनेक मुले त्याला हात लावत नाहीत. साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात अनोळखी अन्नाची भीती सर्वांत जास्त असते, हे बालआहाराच्या अभ्यासकांना चांगले माहीत आहे. चालू लागलेल्या पोराने दिसेल ते तोंडात घालू नये यासाठी निसर्गाने केलेली ती तजवीज असावी. हाडावरच्या मांसात प्रत्येक घास निराळा असतो. कुठे शीर लागते, कुठे चरबी, कुठे हाडाचा कण, कुठे कोरडे धागे. मोठ्यांना यात मजा वाटते, पण लहान मुलाला तो प्रत्येक वेळी घ्यावा लागणारा धोका वाटतो. नगेट हा धोका काढून टाकते. पहिला घास जसा, तसाच शेवटचा. काल जसे, तसेच आज. बाहेर कुरकुरीत, आत मऊ, मध्ये काही नाही. मुलाला खरा आनंद या खात्रीचा होतो आणि कारखाना तीच खात्री विकतो.

घरच्या प्रयोगांत हीच खात्री मोडते आणि ती मोडते प्रेमापोटी. एका रविवारी थोडे गाजर किसून घातले जाते, दुसऱ्या रविवारी पालक, तिसऱ्या रविवारी ‘जरा चव यावी’ म्हणून गरम मसाला. कधी तुकडे बोटाएवढे, कधी लिंबाएवढे. मुलापुढे दर वेळी नवा अनोळखी पदार्थ येतो आणि त्याची सावधगिरी पुन्हा जागी होते. भाजी लपवण्याच्या युक्तीला माझा खास विरोध आहे. मुलाला त्यातला हिरवा ठिपका दिसतोच, आणि एकदा फसवणूक लक्षात आली की पालकही जातो आणि नगेटही जाते. गाजर द्यायचे तर शेजारी गाजर म्हणून द्यावे. लिअॅन बर्च या अमेरिकन संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत दिसले की, नवा पदार्थ मुलाने आठ-दहा, कधी पंधरा वेळा थोडा थोडा चाखला की त्याची नावड कमी होते. नुसते दाखवून भागत नाही, जिभेला लागावे लागते. म्हणून ताटात एक पदार्थ भरवशाचा असावा आणि त्याच्या शेजारी एक नवा, उघडपणे ठेवलेला. नगेटने भरवशाची जागा घ्यावी. भाज्यांसाठी लपण्याची जागा होणे हे त्याचे काम नव्हे.

एकसारखेपणा आपल्याला जमणार नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी आपलाच दिवाळीचा डबा उघडून पाहावा. शंकरपाळ्या कातण्याने कापताना घरातली बाई शेकडो तुकडे एका मापाचे पाडते. चकलीची भाजणी ती मापाने करते, कारण डाळ-तांदळाचे प्रमाण हलले तर चकली एक तर तेलात विरघळते नाही तर दगड होते. मोहन किती, पाणी किती, आच किती, हे तिला कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते, पण तिचे प्रमाण चुकत नाही. तीच शिस्त नगेटला लावली की झाले. फरक एवढाच की नगेट करताना आपण त्याला ‘इंग्लिश खाऊ’ समजतो आणि आपले प्रमाणाचे भान बाजूला ठेवून मोबाइलवरच्या चित्रफितीमागे जातो.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण मुद्दा खरा ठरतो की नाही ते इथेच कळते. हाडे काढलेले मांस ५०० ग्रॅम घ्यावे, त्यात निम्म्याहून थोडे अधिक छातीचे आणि बाकीचे मांडीचे. नुसती छाती घेतली तर वडी कोरडी आणि भुसभुशीत होते. मांडीच्या मांसात चरबी आणि लोह दोन्ही थोडे जास्त असते. लहान तुकडे करून ते वीस-पंचवीस मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवावेत, कडा घट्ट होईपर्यंत. मिक्सरचे पाते मांस कापते तसे तापवतेही, आणि तापलेले मांस एकसंध होण्याऐवजी पाणी सोडते. म्हणून मांस गार असावे आणि मिक्सर थांबत थांबत, झटक्यांनी चालवावा. दुकानातूनच खिमा करून आणायचा तर यंत्र आपल्यादेखत धुऊन घ्यावे, कारण त्यातून आधी काय गेले ते आपल्याला ठाऊक नसते. घरी वाटणे हे सगळ्यांत निर्धास्त.

वाटलेल्या मांसात एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ घालून ते आधी नुसतेच मळावे. बाकी सगळे नंतर. या क्रमाला शास्त्र आहे. स्नायूंतली काही प्रथिने नुसत्या पाण्यात विरघळत नाहीत, मिठाच्या पाण्यात विरघळतात. मळताना ती बाहेर येतात, कणांभोवती चिकट थर धरतात आणि वाफेवर गोठून सगळे घट्ट बांधतात. अंड्याचा पांढरा भाग शिजताना घट्ट होतो, तसेच काहीसे हे आहे. मांस हाताला कणकेसारखे चिकटू लागले आणि बोटाने ओढले की तार धरू लागले की मळणे पुरे झाले असे समजावे. दोन-तीन मिनिटे पुरतात. बेकर यांनी मिठाच्या जोडीला व्हिनेगर वापरले होते, पण घरी त्याची गरज पडत नाही. कारखान्यात मीठ जास्त असते, त्याचे एक कारण चवीइतकेच ही बांधणी हेही आहे. आपण मीठ कमी ठेवतो आणि उरलेली बांधणी पोह्यांवर सोपवतो. पातळ पोहे कोरडेच भाजून त्यांची पूड करावी आणि तीन मोठे चमचे घालावी. तेवढेच गार दूध. मग एक चमचा आले-लसणाचे वाटण आणि पाव चमचा हळद. हळद इथली असेल तर उत्तमच. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि तिच्याने आतला रंग पांढुरका न राहता फिकट सोनेरी होतो, जो पाकिटातल्या नगेटलाही हवाहवासा वाटेल. बस, एवढेच. मिरे नाही, गरम मसाला नाही, कच्चा कांदा तर नकोच, कारण मीठ लागताच तो पाणी सोडतो आणि वडी फुटते. कोथिंबीर हवीच असेल तर तिच्या देठांचा रस घालावा, पाने नकोत. म्हणजे वासात अळणीची ओळख राहते आणि हिरवा ठिपका दिसत नाही.

तेलाचा हात लावलेल्या, साधारण २० सेंटिमीटर चौरस ताटलीत हे मिश्रण ओल्या हाताने थापावे. ते सव्वा सेंटिमीटरच्या आसपास जाड होते. झाकण ठेवून, वाफेचे पाणी आत टिपकू नये म्हणून झाकणाला फडके बांधून, पंधरा मिनिटे वाफवावे. मधोमध सुरी घालून पाहावी. बाहेर येणारा रस गुलाबी नसावा. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा तापमापक आहे त्यांनी मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस बघावे. हा आकडा महत्त्वाचा अशासाठी की अख्ख्या तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात, पण मांस वाटले की ते सगळीकडे पसरतात. बाहेरून सोनेरी आणि आतून अर्धकच्चे नगेट ही घरगुती तळणीतली सर्वांत घातक चूक आहे आणि वाफवण्याच्या पद्धतीत तिला वावच उरत नाही. लादी पूर्ण गार झाल्यावर एका बाजूने चार आणि दुसऱ्या बाजूने सहा असे भाग पाडावेत. चोवीस वड्या होतात, सगळ्या एका मापाच्या.

वेष्टणात तीन थर असतात आणि त्यातला पहिला बहुतेक जण विसरतात. वाफवलेल्या वडीचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यावर अंडे टिकत नाही. म्हणून आधी कोरडे पीठ चोळावे. ज्वारीचे चालते, आणि जत-आटपाडी, माण-खटावच्या घरात तेच हाताशी असते. मग फेटलेले अंडे, मग चुरा. चुऱ्याला ब्रेडच लागतो असे नाही. पोह्यांचा भरड चुरा उत्तम कुरकुरीत होतो. आणखी एक पर्याय सुचतो तो ज्वारीच्या लाह्यांचा. नागपंचमीला या भागात लाह्या घरोघरी असतात आणि बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीने तर हा सण सांगली जिल्ह्याची ओळखच केला आहे. लाही म्हणजे आधीच फुललेले, कोरडे धान्य. परदेशात मक्याचे पोहे चुरून जे काम करतात तेच ही करू शकते. फक्त ती लवकर रंगते, म्हणून आच मध्यम ठेवावी. चुरा लावलेल्या वड्या अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्या की थर बसतो. जास्तीच्या वड्या याच टप्प्यावर गोठवून ठेवता येतात.

तेल १७० ते १८० अंशांवर असावे. मापक नसेल तर चुऱ्याचा कण टाकून पाहावा: तो लगेच बुडबुडे सोडत वर आला पाहिजे, पण काळा पडता कामा नये. आत सगळे शिजलेले असल्यामुळे दोन मिनिटे पुरतात. तळण चालू असतानाच पदार्थ तेल पितो, हा एक गैरसमज आहे. तळण चालू असताना आतली वाफ बाहेर येत असते, ती तेलाला आत येऊ देत नाही. पदार्थ बाहेर काढल्यावर वाफ थंडावते आणि पृष्ठभागावर राहिलेले तेल तेव्हा आत ओढले जाते. म्हणून काढताक्षणी झारा झटकावा आणि वड्या जाळीवर पसराव्यात. कागदावर ढीग केला की खालची बाजू वाफेने मऊ पडते. तळणीतले उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय घटकांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे ती हॉटेलांसाठी असली, तरी तेलाचे बिघडणे घरातही तसेच असते. कमी तेल हवे तर तव्यावर किंवा आप्पेपात्रात चमचाभर तेलात परतावे. शिजलेली वडी असल्यामुळे तेही नीट जमते.

आता आक्षेपांकडे. या भागातला पहिला आक्षेप ठरलेला असतो: पोरांनी तिखट खायला शिकायला नको का? नगेट खाणारे मूल रस्सा-भाकरी कधी खाणार? आक्षेप आस्थेचा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. मिरचीची आवड कशी लागते याचा पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने अभ्यास केला. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कामात मेक्सिकोतल्या एका डोंगराळ गावाचे निरीक्षण आहे. तिथे मोठी माणसे रोज मिरची खातात, पण लहानग्यांवर ती लादत नाहीत. मुले मोठ्यांना खाताना बघतात, हळूहळू चाखतात आणि पाच ते आठ वर्षांच्या सुमारास आपण होऊन मागू लागतात. अळणीची रीत याहून वेगळी काय आहे? तिखटाच्या मुलखाने आपल्या मुलांना तिखटापासून दूर ठेवण्याची आणि मग त्याच्याकडे आणण्याची वाट आधीच आखून ठेवली आहे. नगेट ही त्या वाटेवरची एक पायरी आहे. पुढच्या पायऱ्याही सोप्या आहेत: वडीशेजारी वाटीत रश्श्याचा कट नव्हे, खालचा पातळ रस्सा चमचाभर ठेवावा. वडी त्यात बुडवायची की नाही हे मुलाने ठरवावे. काही महिन्यांनी मिश्रणात चिमूटभर कांदा-लसूण मसाला, पुढे दोन चिमटी. एका वेळी एकच बदल करावा आणि तो अनेक आठवडे तसाच ठेवावा. भरवसा न मोडता पुढे जाण्याचा याहून बरा मार्ग मला दिसत नाही.

दुसरा आक्षेप असा की पाकीट मिळते तर एवढा खटाटोप कशाला. पाकिटावर मी सरसकट आरोप करणार नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या जॅक्सन शहरातल्या डॉक्टरांनी दोन उपाहारगृहांतली नगेट्स सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा एकात निम्मे आणि दुसऱ्यात त्याहून कमी स्नायूमांस निघाले. उरलेले चरबी, रक्तवाहिन्या, हाडाचे कण वगैरे. तो अभ्यास जगभर गाजला, पण तो दोनच नमुन्यांचा होता आणि तिथल्या मालाचा होता. त्यावरून सांगलीच्या दुकानातल्या पाकिटाचा निकाल लावणे अन्याय होईल. पाकिटाचा निकाल पाकिटावरच छापलेला असतो. भारतीय नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. कोंबडी पहिली आहे का, किती टक्के आहे, मीठ किती आहे, हे वाचावे आणि ठरवावे. घरच्या वडीची बाजू वेगळी आहे. ५०० ग्रॅम मांसातून साधारण १०० ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे एका वडीत चार ग्रॅमच्या वर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशींत चार ते सहा वर्षांच्या मुलाची रोजची गरज सुमारे १६ ग्रॅम आणि सात ते नऊ वर्षांच्या मुलाची सुमारे २३ ग्रॅम धरली आहे. दिवसभरातले दूध, डाळ, भाकरी मोजली तर तीन-चार वड्या भरपूर झाल्या. ताटभर देण्याचे कारणच नाही.

मात्र या आकड्यांच्या आधारे नगेटला औषध ठरवू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची जवळपास ६९ टक्के रक्तक्षयाची. कोंबडीच्या छातीत लोह फार नसते. ते काळजात असते. जुन्या घरांत कोंबडीचे काळीज आपसूक मुलाच्या वाट्याला जाई, त्यामागे शहाणपण होते. एका कोंबडीचे काळीज ५०० ग्रॅम मांसाबरोबर वाटले तर चव फारशी बदलत नाही. पण घालायचे तर पहिल्या दिवसापासून घालावे आणि नेहमी तेवढेच घालावे. त्याहून जास्त नको, कारण काळजात अ जीवनसत्त्व फार असते.

ब्रॉयलर कोंबडीविषयीची धास्तीही विचारात घ्यायला हवी. ‘इंजेक्शन देऊन फुगवतात’ ही समजूत चुकीची आहे. ब्रॉयलर चाळिसेक दिवसांत दोन किलोचा होतो तो निवडक पैदास आणि खाद्य यांमुळे. जीवाणूनाशकांची काळजी मात्र खरी आहे. कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरचा आधार असलेले औषध पोल्ट्रीत वापरले जात होते. त्यावर केंद्र सरकारने २०१९ साली बंदी घातली, यावरून प्रश्न किती गंभीर होता हे कळते. ओळखीच्या शेडची, ओळखीच्या दुकानातली कोंबडी घेणे एवढे आपल्या हातात आहे. साथीच्या अफवांनी मात्र दर वेळी घाबरू नये. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हाही आणि २०२० साली करोनाच्या अफवेने भाव कोसळले तेव्हाही, नीट शिजलेल्या मांसातून धोका नव्हता. गावरान कोंबडी वडीसाठी योग्य नाही. तिचे मांस चिवट, थोडे आणि चवीला ठसठशीत असते. तिचे मोल रश्श्यात आहे, ती तिथेच शोभते.

शाळेच्या डब्यात नगेट देऊ नये, असे मला स्पष्टपणे वाटते. सकाळी भरलेला डबा मधल्या सुट्टीपर्यंत तीन-चार तास कोमट राहतो आणि शिजलेल्या मांसात जंतू वाढायला तेच तापमान लागते. दोन तासांची मर्यादा जगभर सांगितली जाते आणि मार्च-एप्रिलच्या सांगलीत ती तासावर येते. शिवाय थंड झालेली वडी मऊ पडते, म्हणजे तिचा मुख्य गुणच जातो. संध्याकाळी शाळेतून आल्यावर, डोळ्यांदेखत तळलेली वडी हीच तिची वेळ. जी घरे माळकरी आहेत, जैन आहेत, किंवा ज्यांच्याकडे गुरुवार-शनिवार, श्रावण पाळतात, त्यांना हा सगळा खटाटोप लागत नाही. हीच घडण पनीर आणि उकडलेल्या मुगाच्या मिश्रणालाही देता येते. तिथे मिठाची बांधणी नसते, म्हणून पोह्यांची पूड दुप्पट लागते.

राहिला खर्चाचा आणि वेळेचा प्रश्न. हाडे काढलेले मांस महाग पडते, म्हणून सुटे घेऊ नये. दोन किलोची जिवंत कोंबडी घेऊन छातीचे आणि मांड्यांचे मांस दुकानदाराकडून वेगळे काढून घ्यावे. वडीला लागणारे मांस थोडे कमी-जास्त होईल, पण अर्ध्या किलोच्या आसपास ते भरते. काळीज वेगळ्या पुडीत. उरतात पंख, मान, पाठ, तंगड्या आणि मांडीची हाडे. रविवारी सकाळी एका शेगडीवर वडीची लादी वाफेला लावावी आणि दुसरीवर हाडांच्या तुकड्यांना हळद, मीठ, आले-लसूण लावून पाणी चढवावे. लादी गार होईतो अळणी तयार होते. त्यातले वाटीभर पाणी मुलासाठी बाजूला निघते, जसे नेहमी निघते, आणि मग बरणीतला कांदा-लसूण मसाला पातेल्यात पडतो.